वाचकांचे प्रश्न : सोव्हिएत गाणारी कार्टून्स, पेटी आणि चार टक्क्यांचा घोळ

उन्हाळी सुट्टीच्या अंकात आम्ही सोव्हिएत काळातल्या गाण्यांच्या कार्टून्सची छोटी यादी दिली होती : मगर ग्येना आणि चेबुराश्का, ब्रेमेनचे गवय्ये, नू पगदी, उडतं जहाज आणि आणखी काही. त्यावर आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. ‘कुठे बघायला मिळेल’ एवढंच विचारणारे थोडे, ‘घरी गायचं कसं’ विचारणारे जास्त. रशियन नावं शक्यतो उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

भाषेचा एक शब्द कळत नसताना माझा पाच वर्षांचा मुलगा आगगाडीच्या आकाशी डब्याचं गाणं दिवसभर गुणगुणतो. पन्नास वर्षांपूर्वीची कार्टून्स, चित्रंही आजच्या मानाने साधी. मग यात आहे तरी काय? (कोथरूड)

रशियन माणूस याचं उत्तर ‘बालपणीच्या आठवणी’ असं देईल. तुमच्या मुलाला मॉस्कोतल्या बालपणाची आठवण असायचं कारण नाही, तेव्हा ते उत्तर इथे चालत नाही. आमच्या मते खरं कारण कामाच्या क्रमात आहे. आधी गाणं पूर्ण तयार व्हायचं आणि मग त्यावर चित्रं काढली जायची.

ध्वनिमुद्रण हातात आलं की ठोके मोजायचे. सिनेमाची फीत सेकंदाला २४ चौकटींनी धावते. लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर एका ठोक्याला बरोबर १२ चौकटी येतात, आणि एक चित्र दोन चौकटी टिकवलं तर सहा चित्रं. पात्राचं पाऊल, मान, डोळ्याची पापणी या हिशेबात बसवली जाते. म्हणून चित्र साधं असलं तरी ते तालात चालतं आणि मूल तालाला धरून राहतं. चित्र आधी आणि संगीत मागाहून चिकटवलेलं असलं की हे होत नाही. आजच्या पुष्कळ बालगीतांच्या व्हिडिओंत हात एका लयीत हलतात आणि ढोलकी दुसऱ्याच लयीत वाजते.

दुसरी गोष्ट लांबीची. ३५ मिलिमीटर फितीचा ३०० मीटरचा एक भाग म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं. बहुतेक कार्टून्स एका किंवा दोन भागांची, म्हणजे दहा नाहीतर वीस मिनिटांची. तेवढ्यात गोष्ट सांगायची तर प्रत्येक गाण्याने कथा पुढे नेली पाहिजे. १९६९ च्या ‘ब्रेमेनचे गवय्ये’मध्ये संवाद नावालाच आहेत, ओळख, प्रेम, हकालपट्टी, दरोडेखोरांची फजिती, सगळं गाण्यातून घडतं.

तिसरं, गाणाऱ्यांचे आवाज. गोड गळ्यापेक्षा नाटकांतल्या नटांना पसंती होती. ‘नू पगदी’मधला लांडगा म्हणजे अनातोली पापानव. त्यांनीच १९७९ च्या ‘उडत्या जहाजा’त पाणभुताचं गाणं म्हटलं आहे, आणि ते गाणं सुरेलपणापेक्षा कंटाळलेल्या, एकाकी आवाजावर उभं आहे. ‘सिंहाचा छावा आणि कासव’ (१९७४) यातली कासवीण रीना झेल्योनाया यांची. त्या गातात की बोलतात हे सांगणं कठीण, आणि नेमकं तेच मुलांना जमतं.

संगीतकार मात्र कच्चे नव्हते. विनी पूखचं (म्हणजे रशियन विनी द पूचं) संगीत मेचिस्लाव वाइनबेर्ग या सिंफनी लिहिणाऱ्या माणसाचं. ग्येना-चेबुराश्काची गाणी बांधणाऱ्या व्लादीमिर शाइन्स्की यांची चाल शाळेतल्या बाईंना एका बोटाने पियानोवर काढता येईल अशी असते, आणि तशी चाल बांधणं सर्वांत अवघड. सरकारी स्टुडिओला जाहिरातदार सांभाळायचा नव्हता. कलामंडळ मात्र सांभाळावं लागायचं, आणि ते चांगल्या गोष्टींनाही नकार देत असे, हेही ध्यानात ठेवावं. पण ‘हे तर लहान मुलांचं’ या पाटीखाली बरंच खपून जायचं. ब्रेमेनच्या गवय्यांच्या हातात इलेक्ट्रिक गिटारचा सूर आणि पायात घोळदार विजारी आल्या, त्या काळात मोठ्यांच्या मंचावर रॉक संगीताकडे वाकड्या नजरेने पाहिलं जात होतं.

शेवटचं म्हणजे ही गाणी चित्राशिवाय जगली. रेडिओवर वाजली, तबकड्यांवर निघाली, बालवाडीत गायली गेली. चित्र काढून घेतल्यावरही गाणं उरतं का, ही परीक्षा त्यांनी तेव्हाच दिली आहे. तुमचा मुलगा स्वयंपाकघरात गुणगुणतो ते त्यामुळेच.

सुरुवात कुठून करावी? नात चार वर्षांची, नातू आठ. (सदाशिव पेठ)

दोघांना एकत्र बसवायचं तर ‘नू पगदी’पासून. शब्द जवळजवळ नाहीतच, त्यामुळे आजीला भाषांतर करावं लागत नाही. (उच्चार ‘पगदी’, जोर शेवटच्या ‘दी’वर. पुणेरी पगडीशी संबंध नाही.) १९६९ ते १९८६ मधले पहिले सोळा भाग बघावेत, नंतरच्यांत ती मजा नाही. लांडगा सिगारेट ओढतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

एकट्या नातीसाठी ‘सिंहाचा छावा आणि कासव’, मग पांढऱ्या अस्वलाच्या पिल्लाचं ‘ऊमका’ (१९६९). दोन्ही दहा मिनिटांच्या आसपास. ‘मॅमथच्या पिल्लाची आई’ (१९८१) सुंदर आहे, पण पिल्लू आई शोधत समुद्रावरून निघतं त्या गाण्याला बरीच मुलं रडतात. झोपायच्या वेळी लावू नका.

नातवाला चेबुराश्काचे चार भाग क्रमाने दाखवा : १९६९, १९७१, १९७४ आणि १९८३. पहिले तीन वीसेक मिनिटांचे. ही बाहुल्यांची कार्टून्स आहेत, म्हणजे बाहुली तसूभर हलवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायची. पहिल्या भागात प्रसिद्ध गाणी नाहीत, म्हणून कंटाळून सोडू नका. वाढदिवसाचं गाणं दुसऱ्या भागात आणि आकाशी डबा तिसऱ्याच्या शेवटी येतो. त्यानंतर ‘३८ पोपट’ (१९७६) : अजगराची लांबी मोजायची तर तो दोन हत्ती, पाच माकडं किंवा ३८ पोपट आणि पोपटाचा एक पंख एवढा भरतो. मोजमापाचं एकक शिकवायला याहून चांगला धडा पाठ्यपुस्तकात नाही.

‘ब्रेमेन’ आणि ‘उडतं जहाज’ सात वर्षांनंतर. कीव्हच्या स्टुडिओत दाविद चेर्कास्की यांनी केलेलं ‘खजिन्याचं बेट’ (१९८८) दहा वर्षांनंतर. ‘छोटी बोट’ (१९७०) मधलं चुंगा-चांगा बेटाचं गाणं फार लोकप्रिय आहे, पण काळ्या मुलांचं चित्रण त्या काळच्या ठोकळेबाज पद्धतीचं आहे. गाणं ऐकवा, चित्र दाखवायचं तर सोबत बसून.

मुलगी व्हिडिओबरोबर गाते, मी पेटी धरते, पण सूर कुठल्याच पट्टीत बसत नाही. काळी एक धरली तर कमी, पांढरी दोन धरली तर जास्त. पेटी तर नुकतीच ट्यून करून आणली आहे. (कर्वेनगर)

पेटीचा दोष नाही आणि मुलीचाही नाही. दोष त्या प्रतीत आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, तर युरोप-रशियातलं दूरदर्शन २५ चौकटींचं. जुन्या टीव्ही प्रतींमध्ये फीत सरळ २५ ने पळवायचे. वेग चार टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो आणि सूर साधारण ७० सेंट चढतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाऊण हिश्शाच्या जवळ. त्यामुळे तो दोन पट्ट्यांच्या मध्येच लटकतो.

ओळखायचं कसं? एकाच कार्टूनच्या दोन प्रतींची लांबी ताडून पाहा. खरी लांबी २० मिनिटं असेल तर पळवलेली प्रत १९ मिनिटं १२ सेकंदांची भरते. नव्याने साफ केलेल्या प्रती बहुधा मूळ वेगाच्या असतात. तशी मिळाली तर तीच वापरा.

नाही मिळाली तर यूट्यूबवरच वेग कमी करून उपयोग नाही. तिथे वेग बदलला तरी सूर तोच ठेवला जातो, म्हणजे गाणं नुसतं रेंगाळतं आणि पट्टी जिथल्या तिथे. सरावासाठीचं ध्वनिमुद्रण ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि वेग व सूर एकत्र बदलणारा पर्याय घेऊन त्यात उणे ४ टक्के भरा (२४ भागिले २५ म्हणजे ०.९६). ‘टेम्पो’चा पर्याय घेऊ नका, तो यूट्यूबसारखंच करतो. आता पेटीशी जुळवून पाहा. जुन्या टेपमुळे पाच-दहा सेंट इकडेतिकडे राहू शकतात, ते कानाने सोडून द्यायचे.

घरी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असेल तर याहून सोपं : ट्रान्सपोज एकने वर आणि फाइन ट्यून उणे ३० सेंट. शंभरातून तीस गेले, सत्तर राहिले.

ही गाणी मुलांची असूनही उदास का वाटतात? वाढदिवसाचं गाणंसुद्धा! बालवर्गात पेटीवर कशी वाजवावीत? (सिंहगड रस्ता, संगीत शिक्षिका)

कारण ती मायनरमध्ये आहेत. तुमच्या भाषेत सांगायचं तर ग आणि ध कोमल. ग्येनाचं वाढदिवसाचं गाणं आणि आकाशी डबा, दोन्ही तशीच. रशियात वाढदिवसाला ते गाणं हसतखेळत गातात. मायनर म्हणजे दुःख हे समीकरण तिथल्या लोकगीतांना लागू नाही, आणि आपल्याकडेही कोमल स्वरांची कित्येक गाणी मुलं उड्या मारत म्हणतात. उदासपणा येतो तो संथ लयीने आणि रेंगाळणाऱ्या मिंडेने. चाल उचलून धरली की तो निघून जातो.

बालवर्गासाठी आधी साऐवजी गाण्यातला सर्वांत वरचा सूर शोधा. सवयीने सा काळी चारवर ठेवला की चाल तारसप्तकात जाते आणि पोरं किंचाळू लागतात. ही चाल साभोवती वरखाली फिरते, मंद्र पंचमापर्यंतही उतरते. वरचा सूर तार पांढरी एक किंवा दोनच्या पुढे जाऊ नये असा बसवा, मग सा जिथे येईल तिथे येऊ द्या. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना एवढा आवाका पुरतो.

नुसती चाल वाजवली तर गाणं अर्धंच राहतं, कारण खाली तीन कॉर्ड्सचा पाया आहे. सा-ग-प (ग कोमल), म-ध-सा (ध कोमल) आणि प-नी-रे. या तिसऱ्यात नी शुद्ध घ्यायचा. इथेच हमखास चुकतं : आसावरीच्या सवयीने बोट कोमल नीवर जातं आणि ओळीचा शेवट लुळा पडतो. शुद्ध नी घेतला की कीरवाणीची सावली येते आणि ओळ साकडे ओढीने परत येते.

ठेक्याला साधा केरवा, पण लग्गी नको. पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर खालचा सूर, दुसऱ्या-चौथ्यावर तोडून कॉर्ड. भाता सतत चालू ठेवून कॉर्ड लांबवलीत तर आगगाडी थांबते. दर ठोक्याला बोटं उचला. ग्येना हातात धरतो तो छोटा अकॉर्डियनही भात्याचंच वाद्य, म्हणून पेटीवर ही गाणी कीबोर्डपेक्षा अधिक शोभतात, असं आमचं मत.

‘ऊमका’तल्या अंगाईला मराठी शब्द लिहायचे आहेत. अर्थ मिळाला, पण शब्द चालीत बसत नाहीत. (औंध)

अर्थ बाजूला ठेवा आणि आधी अक्षरं मोजा. येवगेनी क्रिलातव यांची ही चाल आणि यूरी याकव्लेव यांचे शब्द. कडवं सहा तुकड्यांचं आहे : ६, ६, ८ आणि मग ६, ६, ७. सहा-सहाचे तुकडे अभंगाच्या चरणाएवढे, म्हणून मराठी कानाला ते परके वाटत नाहीत. पण अभंगात लिहिलेलं प्रत्येक अक्षर उच्चारलं जातं, इथे तोंडात येणारी अक्षरंच धरायची. ‘चंद्र आला वर’ कागदावर सहा आहे, म्हणताना मात्र ‘वर’चं एकच होतं आणि ओळ पाचावर येते.

सहाच्या तुकड्यात जोर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या अक्षरावर आहे. तिथे शब्दाचं सुरुवातीचं किंवा दीर्घ अक्षर ठेवा. सहाच्या जोड्यांना शेवटच्या दोन अक्षरांचं यमक; आठ आणि सातच्या तुकड्यांना एकमेकांशी यमक, तेही व्यंजनावर थांबणाऱ्या एका अक्षराचं. मूळ अर्थाशी संबंध नसलेला एक नमुना, केवळ मापासाठी :

आई जागी आहे,
चांदोबाही पाहे,
बाळा, मीट ना डोळे, ये रात

आणि सातच्या तुकड्याला ‘पाठीवरती माझा हात’. ‘रात’ आणि ‘हात’ व्यंजनावर बंद होतात म्हणून चाल तिथे टेकते. ‘आली’, ‘झाली’ अशी उघडी अक्षरं ठेवलीत तर शेवट लोंबकळतो.

आणखी एक खड्डा : लांबवलेल्या सुरावर ऱ्हस्व इ-उ ठेवू नका. गाताना ते दीर्घ होतात आणि अर्थ बदलतो. ‘दिन’चा ‘दीन’ होतो, ‘सुत’चं ‘सूत’. आ, ए, ओ हे स्वर लांब सुरांसाठी राखून ठेवा.

मूळ रशियनच गायचं तर देवनागरीत लिहिताना काय सांभाळावं? (वारजे)

मराठी माणसाला यात आयती सवलत आहे. रशियनमध्ये दोन ‘च’ आहेत, एक ‘चहा’तला आणि एक ‘चमचा’तला, आणि आपण दोन्ही जन्मापासून म्हणतो. फक्त लिहिताना दोन्ही च सारखेच दिसतात, तेव्हा ‘चमचा’तल्या चखाली टिंब द्या.

जोर नसलेला ओ ‘अ’कडे झुकतो : ‘गलुबोय वगोन’, ‘खराशो’. इंग्रजी अक्षरांवरून वाचलं की ‘गोलुबोय’ होतं आणि ऐकणाऱ्या रशियनाला ते खटकतं. जोर असलेलं अक्षर अधोरेखित करा. चालीतला ठोका बहुधा तिथेच पडतो. घशातून येणारा इ आपल्याकडे नाही : ‘उ’ म्हणायला जीभ मागे न्या आणि ओठ मात्र ‘ई’सारखे पसरा. कानाने तपासून हवं असेल तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकणारा एखादा विद्यार्थी गाठा, दहा मिनिटांत काम होईल.

जुन्या बाजारात मेलोदियाच्या दोन लहान तबकड्या आणि एक पातळ निळी, प्लास्टिकच्या कागदासारखी तबकडी मिळाली. लावल्या तर उंदीर गातात! (रास्ता पेठ)

वेग चुकला. आपल्याकडच्या सात इंची तबकड्या बहुधा मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. मेलोदिया या सोव्हिएत सरकारी कंपनीच्या लहान तबकड्या बहुतेक ३३ च्या असतात. ३३ ची ४५ वर लावली की सारं ३५ टक्के जलद होतं. मात्र विनी पूखची निघाली तर घाईने निष्कर्ष काढू नका. तिथे पूख झालेल्या येवगेनी लेओनव यांचा आवाज मुद्दामच सुमारे ३० टक्के जलद केलेला आहे. सोबतचा निवेदक किंवा वाद्यं नैसर्गिक वाटतात का ते ऐका.

लेबलवर ‘गोस्त ५२८९-७३’ असं काही असेल तर ते ध्वनिमुद्रणाचं वर्ष समजू नका. तो सरकारी दर्जाचा क्रमांक आहे आणि शेवटचे आकडे त्या दर्जाचं वर्ष : ६८, ७३, ८०, ८८. म्हणजे ७३ असलेली तबकडी १९७३ नंतर दाबलेली, एवढंच कळतं. विकणारा ‘१९७३ ची पहिली आवृत्ती’ म्हणून भाव चढवत असेल तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

निळी पातळ तबकडी बोलक्या मासिकांबरोबर यायची तशी आहे. ती एकटी लावली की सुईच्या भाराने घसरते. खाली एखादी टाकाऊ एलपी ठेवा, वर ही, आणि मध्यभागी लेबलच्या जागी एक नाणं. पावसाळ्यातली बुरशी काढायला डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसा, नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने. लेबल कोरडं ठेवा. नळाचं पाणी क्षार सोडतं आणि मग कुरकुर आणखी वाढते. ७८ ची लाखेची तबकडी असेल तर स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते.

इंग्रजी आवाजातली प्रत मिळाली, पण संगीत वेगळंच आहे. खोटी आहे का? (विमाननगर)

खोटी नाही, बदललेली आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या फिल्म्स बाय जोव्ह कंपनीने सोयुझमुल्तफिल्म या मॉस्कोतल्या सरकारी कार्टून स्टुडिओच्या मोठ्या संग्रहाचे परदेशी हक्क घेतले, इंग्रजी आवाज भरले आणि बऱ्याच ठिकाणी संगीतही नवं घातलं. २००७ मध्ये उद्योगपती अलीशेर उस्मानव यांनी तो संग्रह विकत घेऊन रशियाला परत दिला. गाण्यांसाठी बघायचं तर या प्रती टाळाच. रशियन लिपीतलं नाव जसंच्या तसं कॉपी करून सोयुझमुल्तफिल्मच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर शोधा. आपोआप तयार होणाऱ्या उपशीर्षकांवर गाण्यांच्या बाबतीत विसंबू नका. गायलेले शब्द यंत्राला नीट ओळखता येत नाहीत.

शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘ब्रेमेनचे गवय्ये’ मराठीत बसवतो आहोत. तिसरी-चौथीची मुलं, वेळ वीस मिनिटं. काय काळजी घ्यावी? (चिंचवड)

निवड उत्तम. दिग्दर्शन इनेसा कवालेव्स्काया, संगीत गेन्नादी ग्लाद्कोव, शब्द यूरी एंतिन. (गाण्यांची वाद्यसाथ शोधताना ‘ग्रिगोरी ग्लाद्कोव’ दिसले तर ते दुसरे, ‘प्लास्टिसिनचा कावळा’ त्यांचा.) गायकाविना नुसत्या वाद्यसाथीला रशियन लोक ‘मिनुसोव्का’ म्हणतात, त्या शब्दाने शोधलंत तर पटकन सापडेल.

गाणारी मुलं वेगळी आणि नाचणारी वेगळी ठेवा. यात मूळ कलाकृतीशी बेइमानी नाही : मूळ ध्वनिमुद्रणातही राजकन्या (एल्मिरा झेरझ्देवा) आणि गाढव (अनातोली गरोखव) सोडले तर जवळजवळ सगळी गाणी ओलेग अनोफ्रियेव यांनी एकट्याने आवाज बदलून गायली आहेत, दरोडेखोरांच्या सरदारणीचंही. तेव्हा पडद्याआड माइकसमोर चार दमदार मुलं पुरतात. सरदारणीला नाटकी आवाजाचं मूल द्या, सुरेल नको.

मुखवटे कपाळावर बसणारे करा. पूर्ण तोंड झाकलं की संवाद कळत नाहीत आणि पुठ्ठ्याच्या चोचीमुळे कोंबड्याला पायऱ्या दिसत नाहीत. गाडी ओढत आणायची असेल तर चाकांना रबर लावा. लाकडी मंचावर चाकांचा खडखडाट पहिलंच गाणं खाऊन टाकतो. रात्रीच्या प्रसंगात पूर्ण अंधार नको, निळा प्रकाश ठेवा. वेळ कमी पडली तर राजवाड्यातली करमणूक छाटा. दरोडेखोरांचं गाणं आणि त्यांची भंबेरी छाटू नका, मुलं त्यासाठीच येतात. शेवट मात्र लग्नाच्या मेजवानीवर आणू नका. गाणारा तरुण आणि राजकन्या महाल सोडून मित्रांमागे रस्त्याला लागतात, तो खरा शेवट.

गुप्तहेराचं गाणं या भागात शोधू नका. ते १९७३ च्या दुसऱ्या भागातलं, मुस्लीम मागोमायेव यांनी म्हटलेलं.

हक्कांचं : विद्यार्थी आणि शिक्षकांनी शाळेतच, पालक आणि शाळेशी संबंधित लोकांपुढे केलेल्या प्रयोगाला भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तिकीट लावून नाट्यगृहात केलात किंवा व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात तर ती सवलत धरता येत नाही. भाषांतराचा हक्क स्वतंत्र असतो, म्हणून मराठी संहिता छापून विकण्याआधी परवानगी घ्या.

सोव्हिएत कार्टून्समध्ये आपल्याकडचं काही आहे का? (डेक्कन)

आहे. लेव अतामानव यांचं ‘सोन्याचं हरिण’ (१९५४) भारतीय लोककथांवर बेतलेलं, आणि रोमान दाविदव यांचं ‘मोगली’ (१९६७ ते १९७१) पाच भागांत. गाण्यांचं कार्टून नव्हे, पण संगीत सोफिया गुबाइदुलिना यांचं, पुढे जगभर नावाजल्या गेलेल्या संगीतकार. बघीरा इथे मादी आहे. हेडफोन लावून ऐका, माकडांच्या नगरीचा प्रसंग विशेषतः.